टेलिफोटो भिंगे, अंतरमापक कॅमेऱ्यांची

दूरच्या वस्तूची प्रतिमा फिल्मवर मोठ्या आकारात मिळविण्यासाठी छायाचित्रणात दीर्घ केंद्रांतराची भिंगे वापरतात. प्रतिमेचा आकार केंद्रांतराच्या प्रमाणात वाढतो. ३५ मिमी. फिल्मवर २४ × ३६ मिमी. मापाचे चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात सु. ५० मिमी. केंद्रांतराचे भिंग सामान्य मानले जाते. त्याच जागेवरून १३५ मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात वस्तू २·७ पट मोठी येते. सु. ७५ मिमी. व त्यापुढील केंद्रांतराच्या सर्व भिंगांना व्यवहारात टेलिफोटो म्हणण्याचा प्रघात आहे. काटेकोर अर्थाने मात्र ज्याची लांबी त्याच्या केंद्रांतरापेक्षा कमी असते, अशाच भिंगाला टेलिफोटो म्हणतात. अशा भिंगात पुढे अभिसारी व मागे अपसारी असे दोन गट असतात. मागचा गट किरणांचे अभिसरण कमी करतो आणि त्यामुळे भिंगाची लांबी न वाढता केंद्रांतर वाढते.

लायका, कॉन्टॅक्स, निकॉन, कॅनन इ. अंतरमापक कॅमेऱ्यांसाठी १९३० नंतरच्या तीन दशकांत तयार झालेली अशी भिंगे आजही वापरात आहेत. या कॅमेऱ्यांच्या बाबतीत केंद्रांतराला जी मर्यादा पडली ती भिंगे घडविण्यातील अडचणींमुळे नव्हे, तर अंतर मोजण्याच्या यंत्रणेमुळे पडली. या भिंगांचा इतिहास, कॅमेऱ्यांच्या या वर्गाचा झालेला ऱ्हास आणि जुने भिंग निवडण्याची कसोटी या तिन्ही गोष्टी या एका मर्यादेतून उलगडतात. [→ कॅमेरा, छायाचित्रण].

उगम : छायाचित्रणासाठी टेलिफोटो भिंगाची रचना १८९१ मध्ये तिघांनी स्वतंत्रपणे पुढे आणली : लंडनचे टॉमस रूडॉल्फ डॉलमायर (१८५९–१९०६), बर्लिनचे आडोल्फ मीटे (१८६२–१९२७) व म्यूनिकचे आडोल्फ श्टाइनहाइल. त्या काळचे कॅमेरे मोठ्या काचपट्ट्यांचे होते. त्यांत चित्र घेण्यापूर्वी भिंगाने पाडलेली प्रतिमाच मागील घासलेल्या काचेवर पाहून स्पष्ट करून घेत. भिंग कितीही लांब असले, तरी जे दिसे तेच पट्टीवर उमटे. म्हणून केंद्रीकरणाच्या दृष्टीने भिंगाच्या लांबीला बंधन नव्हते. बंधन होते ते वजनाचे, तिपाईचे व मंद प्रकाशाचे. कॅमेरा लहान होऊन हातात धरता येऊ लागला, तेव्हा या थेट दर्शनाचा त्याग करावा लागला आणि नवी अडचण उभी राहिली.

अंतरमापकाची यंत्रणा : व्हेट्सलार येथील एर्न्स्ट लाइट्स कंपनीत ओस्कार बार्नाक (१८७९–१९३६) यांनी विकसित केलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये विक्रीस आला. त्यात वस्तूचे अंतर अंदाजाने ठरवून भिंगावरील अंकपट्टी जुळवावी लागे. ५० मिमी. भिंगाला हा अंदाज पुरेसा ठरे. त्याहून लांब भिंगाला तो पुरत नसे. १९३२ मध्ये लाइट्सचा लायका-२ व त्साइस इकॉनचा कॉन्टॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत भिंगाशी जोडलेला अंतरमापक आला. व्यवहारात याला रेंजफाइंडर म्हणतात. कॅमेऱ्याच्या पुढील बाजूस एकमेकींपासून काही अंतरावर दोन झरोके असतात. त्यांतून दिसणाऱ्या वस्तूच्या दोन प्रतिमा डोळ्यासमोर एकत्र येतात. भिंग फिरविले की त्याच्या मागच्या कड्याचा दाब एका तरफेवर पडतो व आतील आरसा किंवा लोलक वळतो. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की भिंग योग्य अंतरावर आले असे समजतात. दोन झरोक्यांमधील अंतराला आधाररेषा म्हणतात. भूमापनातील त्रिकोणीकरणाचेच हे लहान रूप होय.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की छायाचित्रकार ज्या प्रतिमा जुळवितो त्या चित्र घेणाऱ्या भिंगातून आलेल्या नसतात. भिंग ५० मिमी.चे असो वा १३५ मिमी.चे, अंतरमापकात वस्तू तेवढीच दिसते व मोजमापाची अचूकताही तेवढीच राहते. भिंगाची मागणी मात्र केंद्रांतराबरोबर झपाट्याने वाढते.

मर्यादेचे गणित : अंतर ठरविण्यात थोडी चूक झाली, तर वस्तूतील बिंदूची प्रतिमा बिंदूरूप न राहता लहान वर्तुळ होते. ३५ मिमी. फिल्मवर ०·०३ मिमी. व्यासापर्यंतचे वर्तुळ चालण्याजोगे धरतात. वस्तू ३ मी. अंतरावर असताना ५० मिमी. एफ/२ भिंगाला पूर्ण उघड्या छिद्रावर पुढे-मागे प्रत्येकी सु. २२ सेंमी. चूक चालते. ८५ मिमी. एफ/२ भिंगाला सु. ७·५ सेंमी. आणि १३५ मिमी. एफ/४ भिंगाला सु. ६ सेंमी. चूक चालते.

सर्वसाधारण डोळ्याला दोन प्रतिमांमधील एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक कळतो असे मानल्यास एक सोयीस्कर नियम मिळतो. आवश्यक आधाररेषा (मिमी.) म्हणजे केंद्रांतराच्या वर्गाला एफ-आकड्याच्या शंभर पटीने भागून येणारी संख्या. वस्तूचे अंतर या सूत्रात येत नाही. कारण वस्तू दूर गेली की भिंगाला चालणारी चूक व अंतरमापकाकडून होणारी चूक या दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. या नियमाने ५० मिमी. एफ/२ ला सु. १३ मिमी., ९० मिमी. एफ/४ ला २० मिमी., ८५ मिमी. एफ/२ ला ३६ मिमी., १३५ मिमी. एफ/४ ला ४६ मिमी., १३५ मिमी. एफ/२·८ ला ६५ मिमी., २०० मिमी. एफ/४·५ ला ८९ मिमी., १८० मिमी. एफ/२·८ ला ११६ मिमी. आणि ४०० मिमी. एफ/५ ला ३२० मिमी. आधाररेषा लागते. शेवटची लांबी कोणत्याही लहान कॅमेऱ्याच्या रुंदीहून अधिक आहे.

अंतरमापकातील दृश्य भिंगांनी मोठे केले, तर त्याच पटीने अचूकता वाढते. म्हणून प्रत्यक्ष आधाररेषेला विशालनाने गुणून परिणामी आधाररेषा काढतात. लायका-२ ची आधाररेषा सु. ३८ मिमी. होती. १९३३ च्या लायका-३ मध्ये दृश्य दीडपट मोठे केल्याने ती परिणामतः सु. ५७ मिमी. झाली. कॉन्टॅक्समध्ये झरोकेच दूर ठेवले होते. १९३६ च्या कॉन्टॅक्स-२ ची आधाररेषा सु. ९० मिमी. होती, मात्र त्याच्या दृश्यदर्शकात वस्तू किंचित लहान दिसत असल्यामुळे परिणामी आधाररेषा त्याहून कमी भरे.

जर्मन भिंगे (१९३०–४५) : लायकाची पहिली दीर्घ भिंगे या मर्यादेत राहणारी होती. लाइट्सचे भिंगरचनाकार माक्स बेरेक (१८८६–१९४९) यांच्या रचनांपैकी ९ सेंमी. एफ/४ एल्मार (१९३१) हे साधे, चार घटकांचे व भरवशाचे भिंग होते. १०·५ सेंमी. एफ/६·३ एल्मार (१९३२) गिर्यारोहकांसाठी मुद्दाम हलके केले होते. १३·५ सेंमी. एफ/४·५ हेक्टोर हे लायका-३ बरोबरच १९३३ मध्ये आले. या भिंगाला सु. ४१ मिमी. आधाररेषा लागते, लायका-२ मध्ये ती थोडी अपुरी पडे, लायका-३ मध्ये पुरून उरे. १९३५ चे ९ सेंमी. एफ/२·२ थांबार हे व्यक्तिचित्रणासाठी हेतुपुरस्सर मृदू प्रतिमा देणारे भिंग होते. त्याच्या सु. तीन हजार प्रतीच निघाल्याने ते पुढे संग्राहकांच्या आवडीचे झाले.

त्साइसच्या बाजूने लूटव्हिख बेर्टेले (१९००–८५) यांची सोनार ही रचना महत्त्वाची ठरली. त्या काळी काचेच्या पृष्ठभागांवर परावर्तनरोधक लेप देत नसत. हवा व काच यांच्या प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परत फिरे व चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा भेद फिका पडे. बेर्टेले यांनी अनेक घटक एकमेकांस चिकटवून अशा सीमा कमी केल्या. त्यामुळे मोठे छिद्र असूनही भिंग स्वच्छ प्रतिमा देई. ८·५ सेंमी. एफ/२ व १३·५ सेंमी. एफ/४ ही सोनार भिंगे वृत्तछायाचित्रकारांत प्रिय झाली. अलेक्सांडर स्माकुला (१९००–८३) यांनी १९३५ मध्ये त्साइसमध्ये भिंगावर लेप देण्याची पद्धत शोधून काढली. तिचा सार्वत्रिक वापर मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच झाला.

मर्यादा ओलांडण्याचा ठळक प्रयत्न १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने झाला. त्या वर्षी १८ सेंमी. एफ/२·८ सोनार हे वजनदार भिंग कॉन्टॅक्ससाठी बाजारात आले व ‘ऑलिंपिया सोनार’ या नावाने प्रसिद्धी पावले. प्रारंभी ते अंतरमापकाशी थेट जोडलेले होते. वर दिलेल्या हिशेबाने त्याला ११६ मिमी. आधाररेषा हवी, कॉन्टॅक्सची ९० मिमी. आधाररेषाही तेथे अपुरी पडली. थोड्याच काळात हे भिंग आरसापेटीसह मिळू लागले. लाइट्सने आधीच हा मार्ग धरला होता. १९३५ च्या २० सेंमी. एफ/४·५ टेलीट भिंगासाठी कॅमेरा व भिंग यांच्यामध्ये बसणारी पेटी दिली जाई. पेटीतील आरसा प्रतिमा वर घासलेल्या काचेवर टाकी आणि चित्र घेताना तो बाजूला होई. म्हणजे ज्या थेट दर्शनाचा त्याग करून लहान कॅमेरा जन्माला आला, तेच दर्शन लांब भिंगासाठी पुन्हा जोडावे लागले. अंतरमापक कॅमेरा आरसापेटी लावून परावर्ती कॅमेऱ्याचे काम करू लागला, यातच पुढील घडामोडींची चाहूल होती.

युद्धोत्तर प्रसार : युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएट रशियाकडे गेली व कीव्ह येथील आर्सेनल कारखान्यात १९४७ पासून त्याच रचनेचे ‘कीव्ह’ कॅमेरे निघू लागले. सोनार रचनेवर आधारलेली जुपिटर-९ (८५ मिमी. एफ/२) व जुपिटर-११ (१३५ मिमी. एफ/४) ही भिंगे मोठ्या संख्येने तयार झाली. पश्चिम जर्मनीत त्साइस इकॉनने १९५० मध्ये कॉन्टॅक्स-२अ हा आटोपशीर कॅमेरा आणला. त्याची आधाररेषा सु. ७३ मिमी. होती.

जपानी भिंगांना जागतिक मान्यता मिळवून देण्यात अशाच एका भिंगाचा वाटा आहे. जून १९५० मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन (१९१६–२०१८) टोकिओत असताना जपानी छायाचित्रकार मिकी जून (१९१९–९२) यांनी निप्पॉन कोगाकू कंपनीच्या ८·५ सेंमी. एफ/२ निक्कोर भिंगाने त्यांचे चित्र घेतले. त्या चित्राची स्पष्टता पाहून डंकन यांनी कंपनीच्या कारखान्यात जाऊन भिंगांची पारख केली. त्याच महिन्यात कोरियन युद्ध पेटले आणि तेथे त्यांनी आपल्या लायका कॅमेऱ्यांवर निक्कोर भिंगे वापरली. १० डिसेंबर १९५० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ने या भिंगांची दखल घेतली. जपानी माल म्हणजे हलकी नक्कल, हा पाश्चात्त्य देशांतील समज या क्षेत्रात यानंतर टिकला नाही. कॅनन कंपनीनेही लायकाच्या आट्यांची ८५, १०० व १३५ मिमी. भिंगे काढली. तिच्या काही कॅमेऱ्यांच्या दृश्यदर्शकात विशालन तीन टप्प्यांत बदलता येई. सर्वांत मोठ्या विशालनाचा उपयोग मुख्यतः लांब भिंगांचे केंद्रीकरण करताना होई.

परमोत्कर्ष व ऱ्हास : १९५४ चा लायका एम३ हा अंतरमापक कॅमेऱ्यांतील सर्वांत परिपूर्ण मानला जातो. आधाररेषा ६८·५ मिमी. व विशालन ०·९१ पट असल्याने परिणामी आधाररेषा सु. ६२ मिमी. होते. भिंग लावताच दृश्यदर्शकात ९० किंवा १३५ मिमी. ची प्रकाशित चौकट आपोआप उमटे व वस्तू जवळ येईल तशी ती सरकून पराशयाची भरपाई करी. चौकटींची मालिका १३५ मिमी.पाशी थांबते, हे वरील गणिताशी जुळणारे आहे. १९५७ चे ९० मिमी. एफ/२ सुमिक्रॉन (आवश्यक आधाररेषा ४१ मिमी.) व १९६५ चे १३५ मिमी. एफ/४ टेले-एल्मार (४६ मिमी.) हे या मर्यादेत सहज बसतात. १९६३ च्या १३५ मिमी. एफ/२·८ एल्मारिटला मात्र ६५ मिमी. हवे. म्हणून कंपनीने त्यावर दृश्यदर्शक व अंतरमापक यांच्या समोर येणारा चष्मा बसविला. त्याने दृश्य दीडपट मोठे होऊन परिणामी आधाररेषाही दीडपट झाली. १३५ मिमी. पुढे आरसापेटीच वापरावी लागे. लाइट्सने ‘व्हिसोफ्लेक्स’ या नावाने तिचे उत्पादन १९८४ पर्यंत चालू ठेवले.

दरम्यान एकभिंगी परावर्ती कॅमेरा सुधारत गेला. चित्र घेतल्यावर आरसा लगेच खाली येण्याची सोय जपानमध्ये १९५४ च्या असाहीफ्लेक्स-२बी या कॅमेऱ्यात आली. १९५९ मध्ये निप्पॉन कोगाकूने आपल्या एसपी या अंतरमापक कॅमेऱ्याच्या आधारे निकॉन एफ हा परावर्ती कॅमेरा तयार केला. अशा कॅमेऱ्यात दृश्य भिंगातूनच येते. त्यामुळे केंद्रांतर वाढले की दर्शकातील प्रतिमाही मोठी होते व केंद्रीकरणाची अचूकता भिंगाच्या मागणीबरोबर वाढत जाते. खेळ, वन्य प्राणी व वृत्तचित्रण यांसाठी २०० मिमी. व त्यापुढील भिंगे आवश्यक ठरू लागली, तेव्हा अंतरमापक कॅमेऱ्याकडे उत्तर नव्हते. कॉन्टॅक्सचे उत्पादन १९६१ मध्ये थांबले आणि कॅननने १९६८ च्या सुमारास हा प्रकार सोडला. लायकाने तो सोडला नाही. १९८४ चा एम६ कॅमेरा तर २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आला. लहान आकार, मंद आवाज व चित्र घेण्याच्या क्षणीही न झाकला जाणारा दृश्यदर्शक या गुणांमुळे ५० मिमी. व त्याहून कमी केंद्रांतरासाठी तो अनेकांना अधिक सोयीचा वाटतो.

निवड : जुने टेलिफोटो भिंग निवडताना प्रथम स्वतःच्या कॅमेऱ्याची परिणामी आधाररेषा पाहावी व ती भिंगाच्या मागणीशी ताडून घ्यावी. ०·७२ विशालनाच्या नंतरच्या लायका कॅमेऱ्यांत ती सु. ५० मिमी. असते. तेथे १३५ मिमी. एफ/४ जेमतेम बसते आणि त्याची चौकटही दर्शकात फार लहान दिसते. ८५ ते १०५ मिमी. ही मर्यादा बहुतेक अंतरमापक कॅमेऱ्यांस सोसते. व्यक्तिचित्रे व रस्त्यावरील निवडक दृश्ये यांसाठी हेच केंद्रांतर सर्वांत उपयुक्त ठरले आहे. जुने दुप्पट उजेडाचे भिंग मोहक वाटले, तरी त्याचे पूर्ण उघडे छिद्र कॅमेऱ्याला पेलत नसेल, तर एफ/४ चे हलके व स्वस्त भिंग अधिक चित्रे स्पष्ट देते.

दुसरी कसोटी जोडणीची आहे. १९३० साली निघालेल्या लायकाची बदलती भिंगे प्रत्येक कॅमेऱ्याशी वेगवेगळी जुळविलेली असत. जोडणीपासून फिल्मपर्यंतचे २८·८ मिमी. हे प्रमाणित अंतर १९३१ मध्ये आले. निकॉन व कॉन्टॅक्स यांच्या बायोनेट जोडण्या एकसारख्या दिसतात व भिंगे एकमेकांवर बसतातही. परंतु दोन्ही कंपन्यांनी अंतरमापकाचा हिशेब किंचित वेगळ्या प्रमाणित केंद्रांतरावर आधारला होता. रुंद कोनाच्या भिंगात हा फरक झाकला जातो, ८५ किंवा १३५ मिमी. भिंगात जवळच्या अंतरावर तो उघड होतो. लायकाच्या आट्यांच्या सोव्हिएट भिंगांबाबतही असा अनुभव येतो. अनंतावर बरोबर असलेले भिंग १ ते २ मी. वर चुकू शकते. म्हणून विकत घेण्यापूर्वी पूर्ण उघड्या छिद्रावर जवळच्या, मध्यम व दूरच्या अशा तीन अंतरांवर चित्रे घेऊन पाहणे इष्ट असते.

तिसरी कसोटी काचेच्या स्थितीची आहे. युद्धपूर्व भिंगांना बहुधा लेप नसतो. प्रकाशाच्या विरुद्ध दिशेने पाहताना त्यांची प्रतिमा धूसर होते, म्हणून पुढे झाकण-नळी लावणे अगत्याचे असते. भिंगाच्या मागून विजेरीचा प्रकाश टाकल्यास आतील धुके, चिकटविलेल्या घटकांमधील कॅनडा बाल्समचे सुटणे व बुरशीचे तंतू दिसतात. कोकण, मुंबई व गोवा यांसारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात कातडी पेटीत बंद ठेवलेल्या भिंगांना बुरशी लवकर धरते. बुरशीने काच खरवडली, तर साफ केल्यानंतरही डाग राहतात. बाहेरच्या एखाद्या बारीक ओरखड्याने मात्र चित्रात सहसा फरक पडत नाही.

भिंग निर्दोष असूनही चित्रे सतत अस्पष्ट येत असल्यास दोष अनेकदा कॅमेऱ्याच्या अंतरमापकात असतो. तो जुळवून घेतल्यावर नापसंत ठरविलेले भिंग उत्तम काम देते असे आढळते. म्हणून या वर्गात भिंग व कॅमेरा यांची पारख एकत्रच करावी लागते.